कुशाबाईचं अंगण आणि सातची शिफ्ट

वयाची तिशी उलटेपर्यंत कुशाबाई कोळपेला अंगण नव्हतं. तिचा जन्म मेंढरांच्या मागं, कुणाच्या तरी शेतात बसवलेल्या वाड्यावर झाला. ते शेत कुणाचं होतं हे तिच्या आईला आठवत नव्हतं. त्यातली बाजरी निघालेली होती, एवढंच आठवत होतं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाकडं उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की माघारी फिरायचं, हे तिनं माहेरी सोळा वर्षं केलं आणि लग्न झाल्यावर सासरी चौदा वर्षं. वाटेत गावं लागायची. घरांपुढं सारवलेली अंगणं असायची. अंगणात बायका धान्य निवडत बसलेल्या असायच्या आणि मेंढरं आत शिरू नयेत म्हणून त्यांनी शेजारी एक काठी ठेवलेली असायची. कुशाबाई त्या काठीच्या बाहेरून चालायची.

पुढं भीमेचं पाणी मोटारीनं वर आलं आणि वडगाव रासाईच्या शिवारातली कोळप्यांची पडीक अडीच एकर ओलिताखाली आली. १९९१ साली कुशाबाईच्या नवऱ्यानं, बिरदेवानं, तिथं दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या. समोर मेंढरांचा गोठा घातला. खोल्या आणि गोठा यांच्यामध्ये पंधरा पावलं रुंदीची जागा उरली. ते अंगण. पहिल्या दिवशी कुशाबाईनं ते तीनदा सारवलं. तिथं चप्पल घालून यायला तिनं सासऱ्यांनाही मनाई केली. सासरे तसे चप्पल घालतच नव्हते, पण तिनं सांगून ठेवलं.

बिरदेव माणूस चांगला होता. त्याच्या तोंडून ‘न्हाई’ हा शब्द निघत नसे, एवढीच अडचण होती. एकदा जनावरांचे डॉक्टर वस्तीवर आले आणि त्यांनी सहज विचारलं, “काय मामा, एडका आजारी वाटतो का?” डॉक्टर एवढ्या लांब आलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं? बिरदेव म्हणाला, “वाटतोय की.” एडक्याला दोन इंजेक्शनं बसली. एडका त्यानंतर आठवडाभर आजारी होता.

२००६ च्या फेब्रुवारीत वस्तीवर एक जीप आली. जीपच्या टपावर लोखंडी दांडा आणि दांड्यावर पांढरी डबी होती. आत दोन पोरगेले साहेब होते. ते रस्त्यांचे नकाशे करत फिरत होते. ज्या वाटेवरून त्यांची जीप जाईल ती वाट कॉम्प्युटरात आपोआप उमटत होती. कुशाबाई त्या दिवशी न्हावऱ्याच्या बाजाराला गेली होती.

“मामा, इथून पुढं रस्ता जातो का?” एकानं विचारलं.

“जातो की,” बिरदेव म्हणाला.

“गाडी जाईल?”

“न जायला काय झालं?”

बिरदेवानं अंगणातली बाज उचलून भिंतीला लावली, कुत्रं बांधलं, दोरीवरचं धुणं खाली घेतलं आणि जीप अंगणातून पुढं काढून दिली. अंगणाच्या पलीकडं शेताच्या कडेनं बैलगाडीची वाट होती, ती पाटाच्या रस्त्याला मिळत होती. जीप तिथवर पोचल्याचं त्यानं स्वतः पळत जाऊन बघितलं. संध्याकाळी कुशाबाईला सारवणावर चाकांच्या खुणा दिसल्या.

“कोण आलं व्हतं?”

“पाव्हणे.”

“कुणाकडचे?”

“तेवढं इचारायचं ऱ्हायलं,” बिरदेव म्हणाला.

कुशाबाईनं अंगण पुन्हा सारवलं आणि गोष्ट तिथं संपली असं तिला वाटलं.

पावणेतीन वर्षांनी, २००८ च्या नोव्हेंबरात, एका सकाळी सव्वासहाला ती अंगण झाडत होती. नुकतं फटफटलं होतं. गावाकडच्या वाटेनं दोन दिवे आले, वाढत गेले आणि अंगणाच्या तोंडाशी थांबले. बत्तीस सीटची बस होती. आत बसलेली बत्तीस माणसं काचेतून कुशाबाईकडं बघत होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. सत्ताविशीचा, बारीक मिशीचा, शिरूरचा पोरगा होता. स्टीफन उजगरे त्याचं नाव, हे तिला नंतर कळलं.

“मावशी, जरा बाजूला व्हता का? गाडी जायचीय.”

“कुठं?”

“रांजणगावला. कंपनीत.”

कुशाबाईनं घराकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. “माझ्या अंगणातनं रांजणगावला?”

“ही म्हणतीय,” स्टीफन म्हणाला आणि त्यानं स्टेअरिंगजवळ बसवलेली हातभर वायरची एक पेटी दाखवली. पेटीला काच होती, काचेवर निळी रेघ होती. तेवढ्यात पेटीतून एक बाई हिंदीत बोलली, “सीधे चलिए.”

“तिला इचार, ती कवा आली व्हती हितं?”

स्टीफननं पेटीकडं बघितलं. पेटीतली बाई पुन्हा म्हणाली, “सीधे चलिए.” मागून माणसं ओरडायला लागली, शिफ्ट सातची आहे, पंचिंगला उशीर होईल. गलका ऐकून बिरदेव बाहेर आला. त्यानं क्षणभर सगळं बघून घेतलं आणि बाज उचलली.

“आगं, जाऊ दे की. कामाची माणसं हायती.” मग तो बसपुढं उलट्या पावलांनी चालत, दोन्ही हात हलवत म्हणायला लागला, “येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला घ्या, येऊ द्या.”

बस गेली. तिच्यामागून आणखी तीन आल्या. बिरदेवानं चौघींनाही व्यवस्थित काढून दिलं. त्या दिवशी तो दुपारपर्यंत फार खुशीत होता.

हे कशानं घडलं ते असं होतं. दौंड आणि केडगावकडून रांजणगावच्या कारखान्यांत रोज पाच बसगाड्या माणसं न्यायच्या. पारगावचा पूल ओलांडून त्या न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायच्या. ऊस तोडायला आला की तो रस्ता बैलगाड्यांनी आणि दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरांनी भरून जायचा. एखाद्या ट्रॉलीचा आस मोडला की मागची सगळी रांग उभी. बसच्या ठेकेदाराला कारखान्यांकडून बोलणी बसायची. म्हणून त्या वर्षी त्यानं गाड्यांत पेट्या बसवून घेतल्या. पहिली बस रखडली की तिचा वेग घटल्याचं रांजणगावच्या कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरला समजायचं. तो त्या रस्त्याला लाल रंग द्यायचा आणि मागच्या चार बसगाड्यांना दुसरा रस्ता सांगायचा. दुसरा रस्ता त्याच्या नकाशात एकच होता. तो वडगाव रासाईवरून येऊन कोळप्यांच्या अंगणातून जात होता.

पहिल्या आठवड्यात अंगणाच्या मधोमध दोन चाकोऱ्या पडल्या. कुशाबाई सकाळी सारवायची आणि दुसऱ्या सकाळी त्या पुन्हा उमटायच्या. दुसऱ्या आठवड्यात तिनं बोरीच्या काट्यांचं कुंपण आडवं टाकलं. बस आली, थांबली, हॉर्न वाजवला. मागं जायला जागा नव्हती, कारण मागं तिघी उभ्या होत्या. बिरदेवानं हातांना फडकी गुंडाळून काटे बाजूला केले आणि ड्रायव्हरांना उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. त्यानंतर दोन दिवसांनी तिला अंगणभर बाजरीची कणसं पसरलेली दिसली.

“हे काय?”

“गाड्या जायच्याच हायती,” बिरदेव म्हणाला. “मळणी तरी व्हईल.”

मळणी चांगली झाली. कुशाबाई त्या दिवशी जेवली नाही.

ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन रजिस्टरं काढून बघितली आणि सांगितलं, की रस्ता असल्याचा दाखला देता येतो, त्याचा छापील नमुना आहे; रस्ता नसल्याच्या दाखल्याला नमुना नाही. रस्ता आधी मंजूर करून घेतला तर तो पुढं रद्द करण्याचा ठराव मांडता येईल, असंही तो म्हणाला. कुशाबाई घरी आली.

डिसेंबरात एके दिवशी एक मेंढी व्यायला झाली, तिला गोठा मोकळा करून द्यायचा म्हणून कुशाबाई पहाटेच कळप बाहेर काढून पाटाकडं निघाली होती. कळपात सत्तावीस मेंढरं. अंगणापुढची वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये मेंढरं. मागून स्टीफनची बस आली. पुढं काढायला जागा नव्हती. मेंढरं आपल्या चालीनं चालली, बस मेंढरांच्या चालीनं चालली. पाटापर्यंत वीस मिनिटं लागली. कुशाबाई माघारी आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बाकीच्या तीन गाड्या त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टीफनला अडवून विचारलं.

“काल त्या तिघी का न्हाई आल्या?”

“लाल झालं ना, मावशी. माझी गाडी तुमच्या मेंढरांमागं हळू चालली. कॉम्प्युटरला वाटलं हितं जाम झाला. त्यानं मागच्यांना सांगितलं, इकडं येऊ नका.”

“जाम म्हंजी?”

“गर्दी. लई गाड्या अडकल्या की जाम.”

“आन् त्याला मेंढरं दिसत न्हाईत?”

“त्याला फक्त गाडीचा वेग दिसतो.”

कुशाबाईनं त्याला जाऊ दिलं आणि गोठ्याच्या दारात जाऊन मेंढरं मोजली. त्या दिवशी तिनं भिंतीवरचं घड्याळ पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतः किल्ली फिरवून लावलं.

त्यानंतर रोज सहा वाजून दहा मिनिटांनी कुशाबाई मेंढरं बाहेर काढू लागली. बिरदेव म्हणाला, एवढ्या सकाळी गवतावर दव असतंय, दवाचं खाल्लं की मेंढरं फुगत्यात. ती म्हणाली, चरायला नेतच न्हाई. मेंढरं पाटापर्यंत चालत जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि चालत परत यायची. मग आठला ऊन पडलं की खरी चरायला निघायची. दिवसातून दोनदा निघायचं कारण मेंढरांना कळलं नाही, पण मेंढरांनी ते फारसं मनावरही घेतलं नाही. मागून स्टीफनची बस पहिल्या गिअरमध्ये यायची. अंगण लाल व्हायचं. बाकीच्या तिघी न्हावऱ्याच्या रस्त्यानं उसामागं उभ्या राहायच्या. चारांच्या जागी एकच बस आल्यावर चाकोऱ्या सारवणाखाली बुजायला लागल्या. कुशाबाईला ते पंधरा दिवस बरे गेले.

सोळाव्या दिवशी वाटेच्या मध्यावर बसचा दरवाजा उघडला आणि एक मुलगी खाली उतरून तिच्याशेजारून चालू लागली. बसच्या आणि तिच्या चालण्याच्या वेगात फरक नव्हताच. रुपाली तिचं नाव, केडगावची, कारखान्यात पॅकिंगला होती. अंगात कंपनीचा निळा कोट होता.

“मावशी, तुम्ही हे मुद्दाम करता का?”

कुशाबाईला खोटं बोलायचं सुचलं नाही. “मुद्दामच करते.”

“आम्हाला रोज उशीर होतो. उशीर झाला की हाफ डे लागतो. बत्तीस माणसांना.”

कुशाबाई चालत राहिली.

“आन् ड्रायव्हरला दोन मेमो मिळालेत. तिसरा मिळाला की घरी बसवणार.”

कुशाबाई थांबली. मेंढरं थांबली. बस थांबली. ती मागं वळून ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेली.

“तू बोलला न्हाईस मला.”

स्टीफन फडक्यानं आरसा पुसत होता. आरसा स्वच्छ होता. “काय बोलणार, मावशी? अंगण तुमचं हाय. आमची आई, दयाबाई, शिरूरला चर्च झाडते. झाडल्यावर कुणी बूट घालून आत आला तर फादरलापण सोडत न्हाई. मला कळतं ते.”

“कळतं तर दुसऱ्या वाटंनं जायचं.”

“पेटीनं सांगितल्यावर नाही गेलो तर तोही मेमोच.”

कुशाबाईनं मेंढरं उसाच्या कडेला दाबली. एक-एक मेंढरू सरीत उतरवत तिनं बसला वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं मेंढरं सोडली नाहीत. चार बसगाड्या आल्या आणि अंगणातून गेल्या. ती दारात उभी राहून बघत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टीफनची बस आली तेव्हा ती धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी बांधून अंगणात उभी होती.

“कुठं, मावशी?”

“ती लाल करणारी माणसं जितं बसत्यात तितं.”

रुपालीनं सरकून तिला खिडकीशी जागा दिली. बस निघाली. सतरा वर्षं कुशाबाईनं ते अंगण खाली वाकून बघितलं होतं, असं वरून कधी नाही. चूल गेली, बाज गेली, हात हलवणारा बिरदेव गेला आणि ऊस आला. दोन श्वासांत अंगण संपलं. तिला ते फार लहान वाटलं.

कंट्रोल रूम म्हणजे एका शेडच्या कोपऱ्यातली थंडगार खोली होती. तिथं पूनम नावाची मुलगी बसत असे; दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, चष्मा लावणारी, पंचवीसेक वर्षांची. स्टीफननं ओळख करून दिली आणि तो पाय वाजू न देता निघून गेला. कुशाबाईनं चपला बाहेर काढल्या आणि ती पडद्यापुढं उभी राहिली. काळ्या पडद्यावर हिरव्या-लाल रेघा होत्या.

“ह्यात माझं घर कुठाय?”

“घरं दाखवत नाही, मावशी. फक्त रस्ते दाखवतं.” पूनमनं नाव-गाव विचारून पडदा सरकवला आणि एका बारीक रेघेवर बोट ठेवलं. “हे बघा, ही तुमची वाट.”

“म्हंजी माझं घर न्हाई आन् अंगण हाय?”

पूनमनं चष्मा वर सारून ती रेघ पुन्हा बघितली. मग ती म्हणाली, “थांबा, तुम्ही तिथल्याच ना? मग मला सांगा. इथं पंधरा दिवस रोज सहा वाजून वीस मिनिटांनी जाम व्हायचा. बरोबर वीस मिनिटांचा. आम्ही फार शोधलं. आमच्या साहेबांनी रिपोर्टमध्ये रेल्वे फाटक लिहिलंय.”

“फाटक न्हाई. मेंढरं हायती.”

“किती?”

“सत्तावीस. आता अठ्ठावीस, एक व्यालीय.”

पूनमनं ते लिहून घेतलं. मग तिनं सगळं पहिल्यापासून ऐकलं: जीप, बिरदेव, चाकोऱ्या, बाजरी, ग्रामसेवक. ती हसली नाही, म्हणून कुशाबाईला ती आवडली.

“अंगण मी आत्ता काढू शकते,” पूनम म्हणाली. “पण उद्या इकडं जाम झाला की साहेब विचारणार, दुसरा रस्ता कुठाय? आणि मग ते पुन्हा तुमचंच अंगण घालणार. मला दुसरा रस्ता पाहिजे.”

कुशाबाईनं तिला नदी दाखवायला सांगितली. पूनमनं नदी दाखवली, पूल दाखवला, पाट दाखवला, न्हावरं दाखवलं. कुशाबाईनं मधल्या मोकळ्या काळ्या जागेवर बोट ठेवलं.

“हितं काय हाय?”

“काही नाही.”

कुशाबाईनं बोट तिथंच ठेवलं. तिथं गायरान होतं. गायरानातून मेंढवाट जात होती; पुलाच्या अलीकडून निघून न्हावऱ्याच्या पलीकडं उतरणारी, मुरमाड, पावसातही चिखल न होणारी, दोन गाड्या बसतील एवढी रुंद. तिच्या आजेसासऱ्याचे कळप त्या वाटेनं गेले होते. आठला ऊन पडल्यावर तिची मेंढरं रोज तिकडंच जायची, आणि तिथं कसली गाडी कधी येत नव्हती. ती खुर्चीवर बसली, भाकरीची पिशवी मांडीवर घेतली. पूनमनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “हितनं वाट हाय.”

“गाडी जाईल?”

“एक नाला भरावा लागंल. बाकी जाईल. पण आठच्या पुढं तिकडं कुणी यायचं न्हाई. आठला माझी मेंढरं असत्यात.”

“आपल्या गाड्या सातच्या आत गेलेल्या असतात,” पूनम म्हणाली.

तीन दिवसांनी पूनम वस्तीवर आली. जीप मिळाली नव्हती म्हणून ती स्टीफनच्या परतीच्या रिकाम्या बसनं आली. पर्समध्ये वाट टिपणारं यंत्र ठेवून ती कुशाबाईबरोबर मेंढरांमागून सगळी वाट चालली. मध्ये मेंढरं चरायला थांबली तेव्हा त्याही थांबल्या. कुशाबाईनं तिला हुलगे-भाकरी खाऊ घातली, कुठं मुरूम पक्का आहे, कुठं खाली काळी माती आहे, ते काठीनं ठोकून दाखवलं. तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी वाट कॉम्प्युटरात उमटली ती संपूर्ण लाल. साहेबांनी पूनमला विचारलं, की नवीन रस्त्यावर पहिल्याच दिवशी एवढा जाम कसा? पूनमनं जीप मागून घेतली आणि तीच वाट पुन्हा घातली. आता ती हिरवी झाली. ठेकेदारानं नाल्यात चार ट्रॉल्या मुरूम टाकला आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारपासून गाड्या गायरानातून जाऊ लागल्या. कोळप्यांचं अंगण नकाशातून निघालं. स्टीफनला तिसरा मेमो मिळाला नाही.

पहिल्या सकाळी सव्वासहाला बिरदेव सवयीनं बाज उचलून उभा होता. साडेसहाला त्यानं ती खाली ठेवली. कुशाबाईनं त्या दिवशी अंगण तीनदा सारवलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी रुपाली आणि तिच्या दोन मैत्रिणी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन चालत आल्या, आणि तिघींनी न सांगता चपला बाहेर काढल्या.

बसगाड्यांच्या पेट्यांना गायरानाची वाट समजली ती जानेवारीत. ट्रॅक्टरवाल्यांना समजायला पेटी लागली नाही. एकानं बस आत वळताना बघितली आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन तो मागोमाग गेला. मग दुधाचा टेम्पो, मग लग्नाच्या जीपा. ह्यांच्या गाड्यांत आठची वेळ सांगणारं कुणी नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका ट्रॅक्टरखाली कुशाबाईची मेंढी गेली. ट्रॅक्टरवाला पळून गेला नाही. तो वस्तीवर आला, टोपी काढून उभा राहिला आणि झालं ते त्यानं सांगितलं. बिरदेव त्याला म्हणाला, “व्हतं असं कवा कवा,” आणि त्याला बसायला बाज दिली. कुशाबाई नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी ती बोलली, पण मेंढीविषयी नाही.

वाट तिनंच दाखवली होती, हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती. तिनं कुणाला तसं म्हणूनही दाखवलं नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत गायरानातल्या वाटेवर खडी पडली. खडीनं मेंढरांच्या खुरांना इजा व्हायला लागली, तेव्हा तिनं आणि बिरदेवानं बसून विचार केला आणि कळपातली मेंढरं मंचरच्या बाजूच्या एका नात्यातल्या माणसाकडं दिली. नऊ ठेवली. अंगणाला दोन्ही बाजूंनी हातभर उंचीच्या दगडी भिंती घातल्या. त्या बिरदेवानंच रचल्या आणि चांगल्या रचल्या.

त्याच सुमारास ठेका बदलला. नव्या ठेकेदाराला पेट्यांचा खर्च पटला नाही, त्यानं त्या काढून ठेवल्या. पूनम पुण्याला दुसऱ्या कंपनीत गेली. जाण्याआधी तिनं वस्तीवर फोन करून कुशाबाईला पत्ता दिला. स्टीफन राहिला. त्याला आता वाट कुणी सांगायची नव्हती, त्याची त्याला पाठ होती.

एका सकाळी सव्वाआठला तो माणसं सोडून रिकामी बस घेऊन परत येत होता. खडीच्या कडेनं कुशाबाई नऊ मेंढरं घेऊन चालली होती. मेंढरं खडी टाळून चरात उतरत होती, चर खोल होता, ती पुन्हा वर येत होती. स्टीफननं बस थांबवून दार उघडलं.

“मावशी, चला. पाटापलीकडं सोडतो.”

“आन् ह्यांचं काय?”

“गाडी रिकामीच हाय.”

कुशाबाईनं बसच्या पायऱ्यांकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं. मग तिनं सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीचे पुढचे पाय पहिल्या पायरीवर ठेवून दिले. मेंढी चढली. तिच्यामागून बाकीच्या चढल्या. एडका चढेना, स्टीफन खाली उतरला, त्यानं शिंगं धरून ओढलं आणि कुशाबाईनं मागून रेटलं. मेंढरं दोन रांगांच्या मधल्या जागेत दाटीवाटीनं उभी राहिली. कुशाबाई पुढच्या सीटवर बसली आणि तिनं एक कोकरू मांडीवर घेतलं.

“हळू घे,” ती म्हणाली. “त्यांना धरायला काय न्हाई.”

स्टीफननं पहिला गिअर टाकला. मागून एक दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि बसच्या मागं, बसच्याच चालीनं, पाटापर्यंत आला. तिथं कुशाबाई मेंढरं घेऊन उतरली.